सोंडेवर उभं राहून हत्ती कुठाय विचारू नये

माझी रिक्षा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवऱ्याच्या नाक्यावर लागते. पूर्वी पाहुणे यायचे ते महाकालीची ओटी भरायचे, कशेळीच्या कनकादित्याला, म्हणजे सूर्याच्या देवळात, जायचे आणि परत. आता सुट्टीच्या दिवशी कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "काका, कातळशिल्पं दाखवाल का?" म्हणजे जमिनीवरच्या उघड्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. २०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणं, आठ आपली आणि एक गोव्याचं, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तेव्हापासून हे वाढलंय.

पहिलं गिऱ्हाईक मी कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, नेलं ते भर बाराला. पुण्याचे काका-काकू होते, सोबत छत्री. वीस मिनिटं फिरले, मग काका वैतागले. "अहो, तो हत्ती कुठाय?" ते उभे होते सोंडेवर. खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हता. अठरा मीटर बाय तेरा मीटरचा हत्ती आणि तीन माणसांना सापडेना!

म्हणून आधी वेळ सांभाळा, बाकी सगळं नंतर. चित्र म्हणजे जांभ्यात खोदलेली खाच, बोटाच्या पेराएवढी खोल, कुठे त्याहूनही कमी. ऊन डोक्यावर असलं की खाचेत सावली पडत नाही, सगळा कातळ एकसारखा तांबडा-काळा दिसतो. उजाडल्यापासून दोन तास, नाहीतर संध्याकाळी साडेचारनंतर जा. दुसऱ्या खेपेला मी एका मास्तरांना सकाळी सातला घेऊन गेलो. आम्ही काठावर बसून राहिलो. ऊन काजूच्या झाडांवरून तिरकं आलं, तशी खाचेची एक कड काळी पडत गेली. आधी पाठीची लांब रेघ, मग पाय. मास्तर बोलायचे थांबले. मग त्या मोठ्या अंगाच्या आत लहान लहान जनावरं दिसायला लागली, मासे दिसले. एक मासा मी बोट दाखवेपर्यंत सावलीतून निसटलाही. साडेनऊला पुन्हा सगळं सपाट.

तेव्हा एका दिवसात पाच ठिकाणं उरकायचा बेत असेल तर मला बोलावू नका. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधल्या वेळात जेवा, झोपा, कशेळीची समुद्राकडची बाजू बघा.

महिना कुठला? दिवाळीनंतर गवत वाळतं, तिथून फेब्रुवारीपर्यंत. पावसात सडा फुलांनी सुंदर होतो, पण खाचा पाण्याने भरतात आणि शेवाळावरून पाय सटकतो. एप्रिल-मे मध्ये कातळ तव्यासारखा तापतो. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, दुकान नाही. माणशी दोन बाटल्या घ्याच.

चालताना पायात बूट हवेत, कारण फुरसं, विषारी साप. वीतभर-हातभर लांब, कातळाच्याच रंगाचं, दगडाखाली बसतं. दगड उलथू नका, दगडी बांधाच्या गडग्यात हात घालू नका. चित्राजवळ पोचलात की मात्र चपला-बूट बाहेर काढा. बुटांनी कडा झिजतात, आणि काही चित्रांना गाव राखणदार मानतं, तिथे नारळ फुटतो.

वाट विचारताना "कातळशिल्प" हा शब्द म्हाताऱ्या माणसांपुढे चालत नाही. "पांडवांची चित्रं" म्हणा. वाडीतली आजी आधी विचारेल, "काय बगताव वो तितं?" मग नातवाला सोबत धाडेल. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी असंच गावोगाव विचारत शेकडो चित्रं शोधून काढली. मोबाइलचा नकाशा सड्यावर नेऊन सोडतो, चित्रावर नाही.

आता गूढ हवं असेल तर देवाचे गोठणे हे गाव. भार्गवरामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, देवळापासून वर सड्यावर चढायचं. तिथे एक माणूस कोरलाय. घरून साधं होकायंत्र न्या. आधी लांब उभे राहून उत्तर दिशा बघून ठेवा, मग हळूहळू चित्राजवळ या. सुई भलतीकडे वळते. मोबाइलमधलं होकायंत्रही चालतं, पण ते बिघडलं की चित्रामुळे बिघडलं यावर बरोबरची मंडळी विश्वास ठेवत नाहीत. कारण जांभ्यातलं लोखंड असणार. पण कोरणाऱ्याने तीच जागा का निवडली, यावर मी चहाच्या तीन फेऱ्या वाद घातलेला आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ती गोष्ट त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून एकदा आठवा, आणि मग वरची चित्रं बघा.

बारसू गावाच्या सड्यावर वेगळी मजा. एक माणूस, दोन्ही बाजूंना दोन वाघ. पुस्तकं वाचणारे लोक तिथे सिंधू संस्कृतीच्या तशाच चित्राच्या मुद्रा आठवतात. वय विचारलंत तर काही अभ्यासक दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात, पण कातळावरच्या रेघेचं वय थेट मोजता येत नाही. तुम्ही स्वतः एवढं करा: नांगर शोधा. शेतीची खूण सापडत नाही, जनावरं आणि मासेच.

दंतकथा कशी बघायची तेही सांगतो. कनकादित्याची मूर्ती गुजरातेतल्या प्रभासपाटणहून गलबतातून आली, गलबत कशेळीसमोर अडलं, मग मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, अशी गोष्ट आहे. लोक ती अलाउद्दीन खिलजीच्या गुजरातवरच्या स्वारीशी जोडतात. ती स्वारी १२९९ची. शिलाहार घराण्यातल्या भोजराजाचा कशेळीचा ताम्रपट ११९१चा. म्हणजे गलबत आलं तेव्हा गाव नांदतंच होतं. देवळात गोष्ट ऐका, ताम्रपटाबद्दल विचारा, मग खाली समुद्राकडे जा. उलट केलंत तर ती नुसती गुहा वाटेल.

फोटोसाठी खाचेत चुना, रांगोळी, खडू काही भरू नका. एकांनी माझ्यासमोर पिठाची पिशवी काढली, मी रिक्षा चालू करून निघायची धमकी दिली. जांभा सच्छिद्र, आत गेलेलं निघत नाही. संध्याकाळ झालीच असेल तर बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, रेघ उठून दिसते.

आणि रिक्षाचं भाडं ठरवताना थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. दोन तास सांगून चार तास बसणारी माणसं असतात. ते मास्तर तसलेच होते. मी तोवर खाली टपरीवर दोन वडापाव खाल्ले, ते त्यांच्या हिशेबात धरले.