रेघ येईपर्यंत थांबायचं

चालता चालता चित्र जातं, थाप मारली की परत येतं. ट्यूबच्या टीव्हीची ही तक्रार कानावर पडली की नवशिका आधी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो. मीही तेच करायचो. आजही असे सेट माझ्याकडे येतात, बहुतेक जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्या मुलांचे, आणि त्यातल्या काहींना दुरुस्ती स्वतः शिकायची असते. त्यांच्यासाठी हा एका सेटचा अनुभव सविस्तर लिहितो.

आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड करून मी पुण्यात एका दुकानात नुकताच लागलो होतो. एक आजी रिक्षातून २१ इंची रंगीत सेट घेऊन आल्या. "संध्याकाळी बातम्या लागल्या की अर्ध्या-पाऊण तासात सगळं चित्र मिटतं आणि मधोमध एक पांढरी आडवी रेघ राहते बघ," त्या म्हणाल्या. दुकानात लावला, तर चार तास स्वच्छ चित्र.

आजींच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ६२५ ओळींचं असतं. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा किरण सेकंदाला १५,६२५ वेळा आडवा धावतो आणि ५० वेळा वरून खाली उतरतो. रेघ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण आणि लख्ख असेल, तर आडवी धाव शाबूत आहे. ट्यूबचं हाय व्होल्टेजही त्याच विभागातून तयार होतं, म्हणजे तेही ठीक. फक्त वरून खाली उतरणं थांबलंय. आता शोधायची जागा एवढीच उरली: व्हर्टिकल आयसी (किरण वर-खाली हलवणारी चिप), त्याचा सप्लाय, आजूबाजूचे कपॅसिटर, ट्यूबच्या मानेवरच्या योकची, म्हणजे किरण वळवणाऱ्या वेटोळ्यांची, व्हर्टिकल कॉइल आणि तिचा प्लग. म्हणून गिऱ्हाइकाचं बोलणं नीट ऐकून घ्या. चित्र गेलं म्हणजे नेमकं काय झालं, किती वेळाने, थाप कुठे मारली की परत येतं, हे सगळं विचारा.

मी मात्र व्हर्टिकल आयसीच खराब धरला. तपकीर गल्लीतून नवा आणला, बसवला, सेट दिला. तिसऱ्या संध्याकाळी आजींचा निरोप आला, रेघ परत आली. आयसी बदलताना मी बोर्ड उचलला होता, तारा इकडच्या तिकडे केल्या होत्या. तेवढ्या हलण्याने कुठलातरी सुटलेला जोड तात्पुरता टेकला आणि मला वाटलं, काम झालं.

दुकानातल्या काकांनी मला एकच विचारलं, "घरी सेट कुठे असतो त्यांच्या?" मी जाऊन पाहिलं. शोकेसच्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, वर क्रोशाचा रुमाल. दुकानात तोच सेट आम्ही मागचं कव्हर काढून पंख्याखाली चालवत होतो. मग काकांनी कव्हर लावायला सांगितलं, पंखा बंद केला, वरच्या जाळीवर पुठ्ठा ठेवला आणि मला समोर बसवलं. असा कोंडलेला सेट एकटा सोडून उठायचं नाही, हेही बजावलं. पन्नासेक मिनिटांनी चित्र वरून-खालून एकदम मिटलं. रेघ!

त्या दिवसापासून मी हेच पाळतो: बिघाड आपल्यासमोर आल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. आलाच नाही, तर दुरुस्त झाला हे कळणार कसं?

रेघ आली की आधी ब्राइटनेस उतरवा. सगळा किरण एका ओळीवर पडतो आणि तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, कायमचा जळू शकतो. मग कव्हर काढलं. व्हर्टिकल आयसीला २६ व्होल्ट येत होते, काटा स्थिर. (मीटरची काळी पिन ट्यूनरच्या पत्र्याला लावा. मेन सप्लायच्या बाजूचं ग्राउंड वेगळं असतं, तिथे लावलीत तर आकडे खोटे येतील.) सेट बंद केला, प्लग काढला, सप्लाय उतरल्याची खात्री केली आणि गार व्हायच्या आत योकच्या प्लगजवळ ओहम मोजले. प्लगच्या दोन पिनांवर थेट, १२ ओहम. कॉइल उत्तम. मग काकांनी सांगितलं तसं पिनांना न टेकता, बोर्डाच्या खालच्या बाजूला त्यांच्याच तांब्याच्या पट्ट्यांवर, दोन बोटं लांब. मीटर तीनशेच्या घरात. तो कॉइलला समांतर बसवलेला रेझिस्टर दिसत होता. म्हणजे कॉइल आणि तांबं यांच्यात जोडच नव्हता.

भिंगाखाली पाहिलं तर एका पिनेभोवती केसाएवढी काळी गोल फट होती. वरून सोल्डर चकचकीत. योकच्या तारांची ओढ आणि रोजचं तापणं-निवणं यांनी पिन आतल्या आत सैल झाली होती. दुसऱ्या मोजणीतही मीटरची पिन थेट तिच्यावर दाबली असती, तर फट मिटून सगळं ठीक दिसलं असतं.

अशा जोडावर नुसतं आयर्न टेकवून जुनंच सोल्डर वितळवू नका, फार दिवस टिकत नाही. पंपाने ते ओढून घ्या, पिन ब्लेडने खरवडा, रोजिन लावून ६०/४० ची (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) नवी सोल्डरची तार भरा. ॲसिडची पेस्ट बोर्डावर कधीच नको, ती पुढे तांबं खाते.

रंग ये-जा करत असेल, म्हणजे मध्येच लाल किंवा निळा गायब, तर ट्यूबच्या शेपटाकडची छोटी प्लेट आधी बघा. सगळाच पडदा काळा होत असेल तर लाइन ट्रान्सफॉर्मर (हाय व्होल्टेज तयार करणारा) आणि त्याआधीच्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पिना. सुरुवातीला चित्र दुमडलेलं आणि तापल्यावर सरळ होत असेल, तर सोल्डरपेक्षा सुकलेल्या कपॅसिटरचा संशय जास्त. ठोकून शोधायचं तर प्लास्टिकच्या दांडीने, हलक्या हाताने. जोरात ठोकलं की अख्खा बोर्ड हादरतो आणि प्रत्येक जागा दोषी वाटते. जोर कमी कमी करत जा, शेवटी एकच जागा उत्तर देते.

आता जिवाचं. २१ इंची ट्यूबवर सुमारे २५,००० व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. हाय व्होल्टेजची तार ट्यूबला जिथे लागते, तिथल्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हर घालायचा, पण त्याला आधी तार बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या काळ्या लेपावरच्या उघड्या जाळीदार तारेला जोडायचं. काही मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण थोडा चार्ज परत चढतो. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवरही ३२५ व्होल्टच्या आसपास असतात. हातात अंगठी, कडं नको, आणि चालू सेटमध्ये एकच हात घाला. ट्यूबची मान पातळ काचेची असते, तिला धरून सेट उचलू नका. हे सगळं पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिका, वाचून करू नका. माझ्या लिखाणावरूनही नाही.

आजींचा सेट आम्ही बंद कव्हरने आणखी दोन संध्याकाळी चालवला. रेघ आली नाही. पोहोचवायला मीच गेलो, शोकेसमध्ये चार बोटं पुढे ओढून ठेवला आणि वरची जाळी मोकळी ठेवायला सांगितलं. आजींनी क्रोशाचा रुमाल घडी करून रेडिओवर घातला.