दादर ते माउंट मेरी: पायी तीर्थयात्रेची आखणी

मुंबईतील जुन्या कॅथलिक चर्चची पायी यात्रा आखायला बसले की कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलपासून भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चपर्यंत सगळीच नावे यादीत घ्यावीशी वाटतात. तसे केल्यास अर्धा दिवस वाहनात जातो आणि कुठल्याच वेदीपुढे शांतपणे बसणे होत नाही. म्हणून एका सकाळी चालून होईल आणि ज्याला स्वतःचा इतिहास आहे, असा एकच मार्ग निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दादरच्या पोर्तुगीज चर्चपासून माहीममार्गे वांद्र्याच्या माउंट मेरीपर्यंतचा साधारण सात किलोमीटरचा रस्ता हा असा मार्ग आहे.

या मार्गाला जोडणारा धागा म्हणजे मोत मावलीची, म्हणजेच माउंट मेरीच्या मरियामातेची मूर्ती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली आणि साष्टीतील, म्हणजे वांद्रे ज्या बेटावर आहे तिथली, पोर्तुगीज सत्ता संपली. त्या धामधुमीत वांद्र्याच्या टेकडीवरील मरियामातेची मूर्ती खाडीपलीकडे, इंग्रजांच्या ताब्यातील माहीमला, सेंट मायकल चर्चमध्ये ठेवण्यात आली आणि १७६१ मध्ये ती पुन्हा वांद्र्याला नेण्यात आली, असे परंपरा सांगते. माहीमहून वांद्र्याकडे चालणारा यात्रेकरू या परतीच्या दिशेनेच जात असतो. यात्रा उलट दिशेने करू नये, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी.

दिवस निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. सेंट मायकलमध्ये बुधवारी नित्य साहाय्य मातेचा नोव्हेना (नऊ वेळा करायची विशेष प्रार्थना) असतो. १९४८ पासून चालत आलेल्या या भक्तीला सर्व धर्मांचे लोक दिवसभर रांगा लावतात. गर्दीतली प्रार्थना हवी असेल तर बुधवारच निवडावा, एकांत हवा असेल तर तो टाळावा. ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवानंतरच्या रविवारी वांद्र्याची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. लहान मुले आणि वृद्ध सोबत असल्यास तो आठवडा सोडावा. पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेनंतर, पवित्र साक्रामेंतापुढे (ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीपुढे) जागरण करण्याची आणि त्या रात्री सात चर्चना भेट देण्याची जुनी प्रथा आहे. ती पाळायची असल्यास रात्रीच चालावे लागेल आणि मार्गातील चार-पाच चर्चना जवळची आणखी जोडावी लागतील. एरवी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील आठवड्याचा साधा दिवस आणि सकाळी साडेसहाची सुरुवात उत्तम. दुपारी काही चर्चची दारे बंद असतात, त्यामुळे गट मोठा असेल तर प्रत्येक ठिकाणच्या चर्चच्या कार्यालयाला आधी कळवून मिस्साच्या वेळा विचारून घ्याव्यात.

अवर लेडी ऑफ साल्व्हेशन हे दादरच्या चर्चचे खरे नाव. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी ते १५९६ मध्ये उभारले. सध्याची इमारत मात्र १९७० च्या दशकातील असून वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची आहे. जुनी कमान शोधत येणाऱ्याचा काँक्रीट पाहून विरस होऊ शकतो, परंतु आत थोडा वेळ बसून वरून उतरणारा उजेड पाहावा. तिथून गोखले रोड, पुढे शिवाजी पार्कजवळून लेडी जमशेटजी रोड धरला की तो थेट माहीमला नेतो. सेंट मायकलचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो, पण इमारत १९७३ ची आहे. इथे पाणी पिऊन घ्यावे, कारण पुढचा कॉजवे, म्हणजे खाडी ओलांडणारा माहीम-वांद्रे रस्ता, उन्हाचा आहे.

कॉजवेवर घाई करू नये. १८४० च्या दशकात तो बांधला गेला तो सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून; आपण मघाशी चाललो तो रस्ताही त्यांच्याच नावाचा. त्याआधी माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम होते. वाहनांचा गोंगाट मोठा असल्याने इथे मोठ्याने प्रार्थना म्हणण्यापेक्षा प्रत्येकाने मनात जपमाळ म्हणावी, पदपथ सोडू नये आणि गटाने एका ओळीत चालावे.

वांद्र्यात हिल रोडवर आधी सेंट पीटर चर्च लागते. तिथे थोडेसेच थांबून पुढे सेंट अँड्र्यू चर्चला अधिक वेळ द्यावा. चिंबईच्या कोळीवाड्याला लागून असलेले हे चर्च जेजुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात सुरू केले. आवारातील अखंड दगडाचा उंच क्रूस जवळ जाऊन, वरून खालपर्यंत सावकाश पाहावा: ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हे त्यावर कोरलेली आहेत. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे टप्प्याटप्प्याने स्मरण करणारी, प्रार्थना करायची असेल तर त्यासाठी याहून योग्य जागा या मार्गावर नाही.

मेहबूब स्टुडिओजवळून माउंट मेरीचा चढ सुरू होतो. ज्यांना पूर्ण अंतर झेपणार नाही त्यांनी दादरऐवजी माहीमहून सुरुवात करावी, पण हा चढ शक्यतो पायीच चढावा. वर दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ आणि घरेही मिळतात. ज्या अवयवाला व्याधी किंवा जी इच्छा, त्याचा आकार मातेपुढे ठेवायचा ही इथली रीत. सध्याचे चर्च १९०४ चे असून १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा (पोपने दिलेला विशेष मानाचा) दर्जा मिळाला. पोशाख खांदे व गुडघे झाकणारा असावा, मिस्सा चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत आणि मेणबत्त्या ठरवून दिलेल्या जागीच लावाव्यात. परतीसाठी टेकडीवरून वांद्रे स्टेशनची बस किंवा रिक्षा मिळते.