एसईलिनक्स बंद न करता झॅबिक्स एजंट कसा चालवावा

वणीकडची जिनिंग असो, तालुक्यातली पतसंस्था असो की कॉलेजची लॅब, सर्व्हर उघडला की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो. देखरेखीला झॅबिक्स बसवलेला आणि त्याच्यासाठी एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा, कायमचं बंद. का, तर "एजंटची स्क्रिप्ट चालत नव्हती". हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एजंट, म्हणजे झॅबिक्सला आकडे देणारा मशीनवरचा छोटा प्रोग्राम, १००५० पोर्टवर अहोरात्र ऐकत बसतो आणि मशीनच्या कानाकोपऱ्यातलं वाचायला मागतो. बांधून ठेवायचंच असेल, तर सगळ्यात आधी त्यालाच बांधायला हवं.

अल्मा किंवा रॉकी लिनक्स धरून सांगतो. 'पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स' हे पॅकेज नेट चांगलं असेल तेव्हाच उतरवून घ्या. एसईलिनक्सची सेटिंग बदलणारं सेमॅनेज आणि नकारांवरून परवानगीचे नियम लिहिणारं ऑडिटटूअलाऊ त्यातच येतात. मग 'पीएस -ईझेड' (झेड मोठ्या लिपीतला) चालवून एजंटच्या नावापुढे 'झॅबिक्स_एजंट_टी' हे एसईलिनक्सचं लेबल दिसतं का पाहा. 'अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी' दिसलं तर एजंटवर बंधनच नाही. तो बहुधा हाताने कुठेतरी कॉपी केलेला असतो. तो काढून पॅकेजमधून बसवा.

आधीच्या माणसाने एसईलिनक्स पूर्ण बंद केलं असेल, तर थेट एनफोर्सिंगवर, म्हणजे नियमाबाहेरचं सगळं अडवण्यावर, जाऊ नका. कॉन्फिगमध्ये परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंद) करा, मूळ फोल्डरमध्ये (/) '.ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाईल ठेवा आणि रीबूट करा. सगळ्या फायलींना लेबलं लागायला वेळ जातो, म्हणून लाईन जायच्या वेळेला हे काम काढू नका. ते झालं की कॉन्फिगमध्ये एनफोर्सिंग करून पुन्हा रीबूट करा.

आता फक्त एजंटला सैल सोडायचं: 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए झॅबिक्स_एजंट_टी'. बाकी मशीन एनफोर्सिंगवरच राहते. एनफोर्सिंगमध्ये पहिल्याच नकाराला स्क्रिप्ट अडते आणि पुढचे नकार दिसतच नाहीत. परमिसिव्हमध्ये काम चालू राहतं आणि सगळे नकार लॉगमध्ये उतरतात. यूपीएसची स्क्रिप्ट असेल तर मुद्दाम मेन स्विच पाडा आणि बॅटरीवर चालू द्या, कारण त्या वेळचे नकार एरवी येत नाहीत. लॉग कोरा असूनही काम अडत असेल तर 'सेमॉड्यूल -डीबी' (डी आणि बी मोठ्या लिपीतले) करा, दडवलेले नकार बाहेर पडतील. काम झालं की 'सेमॉड्यूल -बी' (हाही बी मोठा) करून पूर्ववत करा.

खरी अडचण इथून पुढे आहे. बहुतेक जण लॉग ऑडिटटूअलाऊमध्ये ओततात आणि जे मॉड्यूल, म्हणजे नियमांचा गठ्ठा, निघेल ते डोळे मिटून चढवतात. मी ठामपणे सांगतो, असं करू नका. त्या साधनाला काय योग्य, काय अयोग्य हे कळत नाही. जे जे नाकारलं गेलं, त्या सगळ्याला ते परवानगी लिहून देतं. 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' चालवून प्रत्येक ओळ स्वतः वाचा. कोणाला नाकारलं ते एससीकॉन्टेक्स्टमध्ये असतं, कशाला हात लावताना नाकारलं ते टीसीकॉन्टेक्स्टमध्ये.

टीसीकॉन्टेक्स्टमध्ये 'यूजर_होम_टी' किंवा 'अॅडमिन_होम_टी' दिसलं, तर दोष नियमाचा नाही, लेबलचा आहे. स्क्रिप्ट होममध्ये लिहून 'एमव्ही'ने हलवली की जुनं लेबल तिच्यासोबतच जातं. अशा वेळी नियम चढवला, तर एजंटला घरातल्या तसल्या सगळ्याच फायली चालवायची मुभा मिळते. स्क्रिप्ट 'यूएसआर लोकल बिन'मध्ये ठेवा आणि तिच्यावर 'रीस्टोअरकॉन -व्ही' चालवून योग्य लेबल लावा, नकार गायब होतो. हाताने लेबल बदलणारं 'सीएचकॉन' वापरू नका. पुढच्या रीलेबलला त्याने लावलेलं लेबल पुसलं जातं.

दुसरी ओळ 'फिक्स्ड_डिस्क_डिव्हाइस_टी'ची, म्हणजे थेट डिस्कची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर चढतो, सर्व्हरच्या खोलीत कूलरही नसतो, म्हणून डिस्कचं तापमान प्रत्येकाला हवंच असतं. मग एजंटकडून सूडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवतात. सूडो केलं तरी एसईलिनक्स अडवतं, आणि ते बरोबरच आहे. ती परवानगी दिलीत तर एजंटला अख्खी डिस्क कच्च्या स्वरूपात वाचता येईल, मग फायलींवरची कुठलीच बंधनं उरत नाहीत. हा नियम कधीही चढवू नका. सिस्टमडीचा टायमर लावा, रूट म्हणून स्मार्टसीटीएल चालवा आणि आकडा झॅबिक्स_सेंडरने सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर पाठवा. सर्व्हरवर तो आयटम ट्रॅपर, म्हणजे बाहेरून पाठवलेला आकडा घेणाऱ्या, प्रकारचा करा. एजंटचा डिस्कशी संबंधच येत नाही.

ऑडिटटूअलाऊच्या निकालात "हे बूलियनने (एसईलिनक्समधल्या तयार चालू-बंद स्विचने) होईल" अशी टीप असेल तर मॉड्यूल बनवू नका, पण त्या बूलियनने आणखी काय काय मोकळं होतं ते 'सेमॅनेज बूलियन -एल'मध्ये वाचून मगच चालू करा.

एवढं गाळल्यावर उरतं ते थोडंच. उदाहरणार्थ, यूपीएसची बॅटरी वाचायला 'यूपीएससी' ही कमांड ३४९३ पोर्टला जोडते, आणि 'नेम_कनेक्ट', म्हणजे पोर्टला जोडणं, नाकारलं जाऊ शकतं. ही गरज खरी आहे. त्या नेमक्या ओळी 'ऑडिटटूअलाऊ -एम'ला द्या (इथला एम मोठ्या लिपीतला), निघालेली टीई फाईल (नियमांचा मजकूर) वाचा आणि पीपी फाईल (तयार मॉड्यूल) 'सेमॉड्यूल -आय'ने चढवा.

शेवटी 'सेमॅनेज परमिसिव्ह -डी झॅबिक्स_एजंट_टी', एजंट रीस्टार्ट, आणि पुन्हा एकदा मेन स्विच पाडा. बॅटरीचा अलर्ट मोबाईलवर आला आणि एयूसर्चमध्ये नवी ओळ नसेल, तर टीई फाईलची प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर ठेवा. दुसरी मशीन लावताना तीच लागते.