राहती कॅटामरान विकताना कागद आधी, फोटो नंतर
लगून ३८० सारखी राहती कॅटामरान, म्हणजे जोडतळाची, आत राहता येणारी शिडाची बोट, विकायला काढताय? सोलर पॅनल, वॉटरमेकर (खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), बॅटऱ्यांची यादी सगळेच देतात. जाणतं गिऱ्हाईक मात्र आधी इंजिनाच्या खणात डोकावतं. सेलड्राइव्हचं, म्हणजे इंजिनाची ताकद बोटीच्या तळातून खालच्या पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागाचं, पाणी अडवणारं रबरी डायफ्रॅम कधी बदललं, हे ते विचारणारच; इंजिन बनवणारी व्होल्वो पेंटा कंपनी ते दर ७ वर्षांनी बदलायला सांगते. ती पावती, इंजिनाचे तास, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचं वय, सगळं एका फाइलीत लावा. तारा जुन्या असतील तर विमा कंपन्या अडून बसतात, म्हणून वय लपवू नकाच. युरोपात विक्री असेल तर व्हॅट भरल्याचा पुरावाही जोडा. मग कपडे, भांडी, मुलांची खेळणी किनाऱ्यावर उतरवा आणि बिल्ज, म्हणजे पाणी साचतं तो बोटीचा तळ, कोरडा पुसा. डिझेलचा कुबट वास फोटोत येत नाही, पण केबिनची पायरी उतरताच नाकात शिरतो.