उड्यांनी दुखावलेला गुडघा : भार वाढवताना या चुका टाळा

व्हॉलीबॉल, बास्केटबॉल किंवा खो-खो खेळणाऱ्याला गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि उड्या वाढल्या की दुखणेही वाढत असेल, तर बहुतेकदा वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी कंडरा दुखावलेली असते. या दुखण्याला ‘जंपर्स नी’ म्हणतात.

सर्वांत महागात पडणारी चूक संपूर्ण विश्रांतीची आहे. तीन आठवडे मैदान सोडले की दुखणे थांबते, खेळाडू थेट पूर्ण सरावाला उतरतो आणि आठवडाभरात पुन्हा लंगडू लागतो. विश्रांतीने वेदना शमते, पण कंडरेची भार पेलण्याची ताकद वाढत नाही, उलट मांडीचा पुढचा स्नायूही उतरतो. म्हणून काही काळ थांबवायच्या त्या उड्या आणि झटक्याने थांबणे-वळणे. ताकदीचा व्यायाम नव्हे. खो-खोत चौकोनात गुडघे पूर्ण दुमडून बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच झेप घेतो, ती हालचालही या काळात टाळावी.

दुसरी चूक वेदना मोजण्याची. व्यायाम करताना जरासुद्धा दुखू नये हा हट्ट जितका चुकीचा, तितकेच दात-ओठ खाऊन रेटणेही चुकीचे. 0 ते 10 च्या मोजपट्टीवर 3 पर्यंतची वेदना सहसा चालते. नेदरलँड्समधील 2021 च्या अभ्यासात 24 आठवड्यांचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम याच मर्यादेत घेतला गेला होता. मात्र खरा कौल दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते. घट्ट बसवलेल्या उतरत्या फळीवर टाच वरच्या बाजूला ठेवून एका पायावर हळू खाली बसावे आणि आकडा वहीत लिहावा. सोमवारी 2 असलेला आकडा मंगळवारी सकाळी 5 झाला, तर सोमवारचा भार जास्त झाला. अशा वेळी सगळे बंद न करता आधीच्या भारावर परत यावे.

टप्पे गाळण्याची घाईही तितकीच नडते. सुरुवात गुडघा साधारण 60 अंशांत वाकवून स्थिर धरण्याने करावी : 45 सेकंदांचे पाच फेरे, मध्ये पुरेशी विश्रांती. त्यानंतर दिवसाआड जड आणि संथ व्यायाम, तीन सेकंदांत खाली आणि तीन सेकंदांत वर. सुरुवातीला 15 आवर्तने, मग वजन वाढवत काही आठवड्यांत आवर्तने सहापर्यंत कमी. आपल्याकडे ‘रोज शंभर बैठका मार’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण भराभर मारलेल्या बिनवजनाच्या बैठका या कामाला पुरत नाहीत; कंडरेला आकडा नव्हे, भार हवा असतो. लेग प्रेस (व्यायामशाळेतील यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलणे) दोन्ही पायांनी केल्यास चांगला पाय नकळत जास्त ओझे उचलतो, म्हणून एका पायाचा व्यायाम वेगळा घ्यावा. उड्या त्यानंतर : आधी दोन पायांनी, मग एका पायाने, दर तिसऱ्या दिवशी आणि मोजून.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते, पण पुढे दुखणे परतण्याचा धोका राहतो. एमआरआयमधील बदल दुखत नसलेल्या गुडघ्यांतही दिसतात, त्यामुळे अहवाल बदलला नाही म्हणून सुधारणा झाली नाही, असे समजू नये.

वेदना अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन सुरू झाली असेल, पाय सरळ करून उचलता येत नसेल, गुडघा सुजला किंवा अडकला असेल, तर यातले काहीही सुरू करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढत्या वयातील मुलाला वाटीखाली नव्हे, तर नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर ते दुखणे वेगळे असू शकते. त्याचीही आधी तपासणी करून घ्यावी.