जुन्या घरात आधी पंखा बदला

जुन्या घरात वीज वाचवायची म्हटलं की लोक थेट सोलरचा भाव विचारतात. आधी वर बघा. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट खातो. बीएलडीसी पंखा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, जवळपास तेवढाच वारा 28 ते 35 वॅटमध्ये देतो. रोज 12 तास चालणारा एक पंखा बदलला, तरी महिन्याला 15 युनिटच्या आसपास वाचतात. सगळे एकदम नकोत, झोपायच्या खोलीतला आधी.

भिंतीवरच्या जुन्या ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरला हात लावून पाहा, गरम लागतो ना? पंखा हळू करून वाचेल असं वाटतं ती बरीचशी वीज तिथेच जळते. नवा पंखा बसवताना इलेक्ट्रिशियनला तो रेग्युलेटर काढून थेट जोडणी द्यायला सांगाच, नाहीतर पंख्यातलं सर्किट बिघडू शकतं.