कुत्र्याला घेऊन इंग्लंडमधल्या जुन्या इस्टेटी बघताय? या चुका टाळा

भारतातून आई-बाबा आले की त्यांना चॅट्सवर्थसारखी एखादी इस्टेट दाखवायची आणि कुत्र्यालाही बरोबर न्यायचं, हा इथल्या मराठी घरांतला ठरलेला बेत. बेत उत्तम. गोंधळ मात्र दर वर्षी तेच, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

‘डॉग्ज वेलकम’ म्हणजे सगळीकडे वेलकम नव्हे. चॅट्सवर्थला बागेत आणि पार्कात कुत्रा लीशवर चालतो, अगदी 1844 च्या एम्परर कारंज्यापर्यंत. वाड्याच्या आत फक्त असिस्टन्स डॉग, म्हणजे अपंग माणसाला मदत करायला शिकवलेला कुत्रा. फार्मयार्डातही आपलं लाडकं बाळ चालत नाही. जुने वाडे आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या जागांना पंजांचं रेटिंग असतं. तीन पंजे म्हणजे बऱ्यापैकी मोकळीक, एक म्हणजे जेमतेम. हे आधी न बघता दारावरच्या स्वयंसेवक आजींशी हुज्जत घालणारे लोक पाहिले की मी ओळखच दाखवत नाही.

मग सुचते ती पळवाट: “वीस मिनिटांत बघून येतो, तोवर बसेल गाडीत.” बाहेर 22 अंश असताना बंद गाडीत तासाभरात 47 अंशांपर्यंत पारा जाऊ शकतो. काच दोन बोटं खाली ठेवून काही होत नाही. आणि वीस मिनिटांत कुठला वाडा बघून होतो? आम्ही सरळ दोन पाळ्या करतो. आधी नवरा आई-बाबांना घेऊन आत जातो, मी कुत्रीबरोबर बाहेर चहा पिते, मग अदलाबदल. बाबांना प्रत्येक पाटी वाचायची असल्यामुळे पहिल्या पाळीत बाहेर राहणंच शहाणपणाचं.

आता माझा खरा राग. बटण दाबलं की पाच-आठ मीटर सुटत जाणारी ती लीश.

एका मैत्रिणीचा कॉकर स्पॅनियल. नुकताच आणलेला, हाक मारली की परत येण्याचा (रिकॉलचा) पत्ता नाही, पण “जरा मोकळं फिरू दे ना गं” म्हणून तसली लीश पूर्ण लांब सोडलेली. समोर हिरवळ, तिच्यापलीकडे मेंढ्या, मध्ये कुंपण दिसत नव्हतं. मी म्हटलं, “लॉक कर ते बटण.” तेवढ्यात तो सुसाट सुटला आणि दिसेनासाच झाला. मध्ये ‘हा-हा’ नावाचा लपलेला चर होता. वाड्याच्या खिडकीतून चरणारी जनावरं दिसावीत, पण ती बागेत शिरू नयेत, म्हणून अठराव्या शतकात अशा इस्टेटींवर बागेच्या कडेला चर खणून एका बाजूने उभी भिंत बांधत. बागेकडून पाहिलं तर हिरवळ सलग दिसते. कुत्रा त्या भिंतीवरून खाली गेला आणि गळ्यातल्या कॉलरवर लोंबकळला. मैत्रीण घाबरून लीश वर ओढतेय, म्हणजे फास आणखी आवळतोय. मी ओरडले, “सोड!” तिने सोडली, तो चरात पडला, खोकला आणि लंगडत पुन्हा मेंढ्यांकडेच निघाला. तिथल्या कर्मचाऱ्याने त्याला धरला म्हणून निभावलं.

“तो फक्त खेळत होता” हे तिथे कोणी ऐकून घेत नाही, घेऊही नये. दिवस लँबिंगचे, म्हणजे मेंढ्या विण्याचे होते. गाभण मेंढी नुसत्या पाठलागानेही गाभडू शकते. कुत्र्यांपासून पाळीव जनावरांना जपणाऱ्या 1953 च्या कायद्याने चावा लागतोच असं नाही, असा पाठलागही मालकाच्या अंगाशी येतो. माझ्याकडे साधी दीड मीटरची लीश आणि छातीचा हार्नेस असतो. पिल्लू घरी येऊन महिना झाला नाही तर इस्टेटीची घाई करू नका. आधी गल्लीतलं मैदान पुरतं.

यू (yew) या झाडाची कापलेली कुंपणं दिसायला सुंदर आणि खायला विषारी, तेव्हा फांद्या चघळू देऊ नका. उन्हाळ्यात तळ्यावर हिरवट-निळा तवंग दिसला तर कुत्र्याला पाण्यात सोडू नका. त्या शेवाळाने कुत्री दगावतात. शी पिशवीत भरून ती झाडाला टांगणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, आई हे वाचते.

गाई अंगावर आल्या तर मात्र लीश हातातून सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो, आणि तुम्ही कडेने फाटक गाठू शकता.